नऊ पितळी खुंट्या

अण्णांची सगळी हयात पंख्यांच्या कारखान्यात फिटर म्हणून गेली. त्या हयातीचं सार त्यांनी एका वाक्यात काढलं होतं आणि कुणी विचारो न विचारो, ते ऐकवलं जायचंच: जोडून झाल्यावर ज्याच्या हातात एक स्क्रू उरतो तो फिटर नव्हे, भंगारवाला. मिक्सर असो, घड्याळ असो, अण्णांच्या हातून कधी काही उरलं नाही. वस्तू चालली की नाही, हा विषय वेगळा. भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं मागे होतं, पण पूर्ण होतं.

सुनेसाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा तयार आणणं म्हणजे अण्णांच्या तोंडावर थप्पड. त्यांनी सुटे भाग आणवले, ‘ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी असते’ म्हणत माहितीपुस्तिका खणात टाकली आणि दोन दिवस जेवणाचं टेबल अडवलं. बाकीच्यांनी ताटं मांडीवर घेतली, बिघडलं कुठे?

सुनेचं मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. मुलापायी नोकरी सुटून तीन वर्षं झाली होती. कितीतरी अर्जांनंतर एका कंपनीने घरबसल्या कामासाठी परीक्षेला बसवायचं कबूल केलं होतं. आज दुपारी चारला, कॉम्प्युटरवरच. वेळ चुकली तर पुन्हा संधी नाही, हे पत्रात ठळक अक्षरांत होतं.

सकाळी अण्णांनी बटण दाबलं. आतला पंखा अर्धा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धाच. जन्मभर पंखे जोडलेल्या माणसाशी पंख्याने असं वागावं म्हणजे कमाल झाली.

मग गुन्हेगारांचा शोध सुरू झाला. ते अर्थातच सगळे बाहेरचे होते. आधी घरातली वीज, मग प्लग, मग वायर. मेमरीची पट्टी काढून, पुसून पुन्हा बसवली. शेवटी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, मुख्य बोर्ड पत्र्याच्या पेटीतून बाहेर काढा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून बघा. अण्णांनी त्याची अक्कल काढली आणि फोन ठेवला. जोडलेलं खोलायचं म्हणजे चुकलो म्हणायचं, आणि तो स्क्रू अण्णांच्या स्वभावात मुळात बसवलेलाच नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्यांची बायको स्वयंपाकघरातून कुकरला सांगत होती.

तीन वाजले. सून खणातली पुस्तिका घेऊन आली.

"अण्णा, बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळी खुंट्या लावतात ना, त्या किती लावल्यात?"

"पाकिटात नऊ होत्या. नऊ लावल्या."

"बोर्डाला भोकं सहाच आहेत."

अण्णांनी वाकून भोकं मोजली. जास्तीच्या तीन खुंट्या बोर्डाच्या उघड्या पाठीत रुतून बसल्या होत्या आणि वीज तिथूनच पत्र्यात पळत होती. काही उरायला नको म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने तिला वाट करून दिली होती. आपण या पोरीचं वाटोळं करत होतो, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं.

मग त्यांनी सगळं खोललं. बोर्ड खोक्यावर ठेवला, वायरी जोडल्या, बटण पेटीवरच राहिलं म्हणून बोर्डावरच्या त्याच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जुळवल्या. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. पावणेचार झाले होते.

सूनबाईने उघड्यानागड्या यंत्रासमोर परीक्षा दिली. अण्णा दाराबाहेर स्टुलावर बसून राहिले. कुणी मोठ्याने खोकलं तरी डोळे वटारत होते.

सहाला दार उघडलं. सगळे प्रश्न सोडवले, असं ती म्हणाली. परत जोडायला घेतलेली पेटी रात्रीच्या जेवणाआधी तयार झाली. टेबल पुसताना बायकोने सवयीने विचारलं, झालं ना सगळं? पस्तीस वर्षांत या प्रश्नाला एकच उत्तर होतं.

अण्णांनी मूठ उघडून तिच्यासमोर धरली.

"तीन उरल्या," ते म्हणाले.