अर्ध्या चटईवरची झोप

जपानमधल्या नागोयाहून मोटारींची सहा तासांची जुनी शर्यत बघायला गेलो आणि गवतावर अंथरलेल्या एका रिकाम्या चटईवर खुशाल बुटांसकट बसलो. मला वाटलं, प्रेक्षकांची सोय असेल. तेवढ्यात चटईचे मालक आले, विटक्या टोपीतले एक आजोबा. मी धडपडत उठलो, तर तेच कमरेत वाकून ‘सुमिमासेन’, माफ करा, म्हणू लागले! मी बूट काढले. त्यांनी मला अर्ध्या चटईवर बसवून घेतलं.

“ही बाजू बायकोची,” ते म्हणाले. “दर वर्षी यायची आणि तासाभरात झोपायची. उठली की विचारायची, काय काय झालं? तिला सांगायचं म्हणून मी डोळे फाडून बघायचो. आता बघतो, पण कुणी विचारत नाही.”

गाड्या गर्जत होत्या, तरी जेवणानंतर माझा डोळा लागलाच. जागा होता होता तोंडातून निघून गेलं, “काय काय झालं?”

आजोबा गर्रकन माझ्याकडे वळले. मग टोपी मागे सारून, दोन्ही हातांच्या गाड्या करून, एकेक वळण सांगत सुटले.

आवाजाला कंटाळून घरीच राहिलेल्या माझ्या बायकोला रात्री हे सांगितलं. ती म्हणाली, “अहो, पुढच्या वर्षी मी पण येते. झोपायला.”