अंगाऱ्याची पुडी आणि धूळ मोजणारं यंत्र

कॉम्प्युटरची चिप बनवायच्या कारखान्यात धुळीचा कणही चालत नाही, आणि मी धुळीनं माखलेल्या टेंभुर्णीचा.

नव्वदीच्या दशकात जालन्यात अशा कारखान्यासाठी तंत्रज्ञ घडवणारा वर्ग निघाला होता. शेवटच्या परीक्षेत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवून काचेच्या खोलीत जायचं आणि चिमट्यानं सिलिकॉनच्या पातळ चकत्या उचलायच्या. धूळ मोजणारं यंत्र दोनदा ओरडलं, की उमेदवार घरी! (घरी म्हणजे पारावर, बेकारांच्या रांगेत.) भीतीनं माझी झोप उडाली होती.

त्यातही खरी भीती आईची! बाबांच्या अंधश्रद्धाविरोधी चळवळीची पत्रकं वाचत मी वाढलो. घरात अंगाऱ्याला बंदी मीच घातली होती. आणि परीक्षेला आई सोबत आली, ती फार गोड हसत.

"आई, खिशात अंगारा टाकला नाहीस ना?"

"न्हाई रे बाबा! तुला पटत न्हाई, मंग मी कशाला टाकू?"

एसटीत मी सारखे खिसे चाचपत होतो.

दारातच सर म्हणाले, "आत कागद न्यायचा नाही." मला रागच आला. मी काय कॉपी करणारा वाटलो? तत्त्वाचा माणूस आहे मी! ताठ मानेनं झगा चढवला, आत गेलो, पहिली चकती उचलली...

यंत्र ओरडलं!

सरांनी मला बाहेर काढलं. "आता एकच संधी. अंगावर काय आहे?"

बाकावर आई बसली होती. सगळा वर्ग बघत होता. माझ्यातला वक्ता जागा झाला! "सर, हिचा अंगारा! पिढ्यान्‌पिढ्या या राखेनं आमची वाट अडवली! आज यंत्रानं तिला पकडलं, आणि यंत्र खोटं बोलत नाही!"

"झालं भाषण?" आई म्हणाली. "सर, ह्याच्या पँटीला मी शिवलेल्या चोरखिशात बघा."

प्लास्टिकची पुडी निघाली. कडा मेणबत्तीवर वितळवून चिकटवलेल्या. सरांनी ती आत नेऊन यंत्राजवळ दाबून पाहिली. यंत्र गप्प!

"बरोबर बंद केलीत, मावशी!"

"मंग! धूळ चालत न्हाई म्हणून महिनाभर डोकं खाऊन राह्यल्ता ह्यो."

"मग यंत्र ओरडलं कशानं?"

आईनं माझ्या पोटाकडं बोट दाखवलं. "ते फुगलंय काय, ते बी बघा की."

शर्टाच्या आत, पट्ट्याखाली खोचलेला, पत्रकांचा ताजा गठ्ठा! परीक्षेनंतर बसस्टँडवर वाटायचा होता. (गठ्ठा पोटाशी घेऊन फिरायची इतकी सवय, की तो मला बनियनसारखाच वाटायचा!) "हे मोजणार नाही," म्हणत सरांनी आत यंत्रापुढं एक पत्रक झटकलं. यंत्र असं बोंबललं, की शिपाई धावत आला.

"कागदाचे तंतू उडतात, म्हणून तर सांगितलं होतं!" सर ओरडले आणि मथळा वाचू लागले. 'अंगाऱ्यानं नोकरी लागत नाही!' लेखक : मीच.

गठ्ठा बाहेर ठेवला. पुडी सरांनी पुसून माझ्या खिशात परत घातली. "राहू दे, मावशींच्या समाधानाला."

यंत्र शेवटपर्यंत गप्प राहिलं. मी पास झालो.

परतीच्या एसटीत आईनं माझ्याच पत्रकावर भाकरी-ठेचा वाढला. मी म्हणालो, "आई, हे अंगाऱ्यामुळं नाही झालं. विज्ञान..."

"पत्रक आत गेलं, यंत्र बोंबललं. पुडी आत गेली, तू पास. आन् यंत्र खोटं बोलत न्हाई, असं कोन म्हन्लं व्हतं?"

मागचे-पुढचे प्रवासी कान देऊन ऐकत होते. गाव येईपर्यंत निम्मी एसटी आईकडं पुडी मागत होती. पत्रक फक्त एकानं मागितलं. त्याला हात पुसायचे होते!