जात्यावरचा केक

माझ्या नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या मामीने मला आजवर जेवढे धक्के दिले, तेवढे मामाच्या विहिरीवरच्या उघड्या वायरींनीही दिले नाहीत. आणि त्या वायरींना निदान आपण हात लावावा तरी लागतो. मामीला तेवढंही निमित्त लागत नाही. तुम्ही चहाला म्हणून टेकावं आणि तिने आतून दोन्ही हातांवर तोलत चार थरांचा केक आणावा, हे ठरलेलं. कशाचा केक, हे विचारायला हिंमत लागते. केक म्हणजे वाढदिवस, हा साधा नियम मामीला मान्य नाही. बोअरला पाणी लागलं तेव्हा तिने माती, मुरूम, खडक असे थर रचून तळाशी निळी जेली भरली आणि पहिला तुकडा बोअरच्या गाडीवाल्यांना दिला. गाय व्याली, केक. मामाची कवळी आली, तर बदामाचे काप दातांसारखे रांगेत लावलेला केक. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मामाच्या डोळ्याची पट्टी निघाली, तेव्हा त्याला पहिल्यांदा स्पष्ट काय दिसलं असेल, तर केकवरून त्याच्याकडे रोखून बघणारा, काळ्या द्राक्षाच्या बुबुळाचा भलामोठा डोळा. मामा किंचाळला. तोवर मी त्याला मोठ्याने बोलतानाही ऐकलं नव्हतं.

केक करायची तिची रीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी आधी ओव्हन शोधला. लेकीने हौसेने पाठवलेल्या ओव्हनमध्ये मामी बाजरीच्या भाकरी ठेवते, कारण त्यात मुंग्या जात नाहीत. केक भाजतो तो चुलीवरच्या पातेल्यात, तापलेल्या वाळूवर. थर कापायला सुरी नाही, शिवणाचा दोरा. त्याची दोन टोकं धरून ती तो आरपार ओढते आणि थर अलगद सुटतो. आता क्रीम लावताना केक गोल फिरवावा लागतो, त्यासाठी बाजारात फिरता पाट मिळतो. मामीने सासूच्या सासूचं दगडी जातं धुऊनपुसून घेतलं, वरच्या तळीवर केकचं ताट ठेवलं, खुंटा धरला आणि घरघर सुरू केली. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. मामीला स्ट्रॉबेरी सुचते.

"अहो मामी, जातं हे! लग्नात पुजतात याला!" मी ओरडलो.

"मंग मी काय लाथ मारती व्हय त्याला?" मामी शांतपणे म्हणाली. "दळान गिरनीनं पळवलं. बसून बसून दगडालाबी कंटाळा येतो."

पण मामीचं खरं वैर होतं एक जूनशी. आमच्याकडे एका पिढीची निम्मीअधिक माणसं कागदोपत्री एक जूनलाच जन्मलेली. पोराला शाळेत घालताना आईबापांना तारीख सांगता येत नसे, मग मास्तर एक जून लिहून मोकळे होत. बाकीच्यांनी हे हसण्यावारी नेलं. मामी म्हणाली, "सगळं गाव एकाच दिशी उगवलं? मूग हाय का त्यो?" आणि तिने म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या उलटतपासण्या सुरू केल्या. तुमची आई तवा खुरपत हुती का काढनीला? थंडी हुती? शेजारी कोन बाळंत झालं? असा धागा ओढत ती बरोबर तिथीपर्यंत पोचायची आणि त्या तिथीला केक घेऊन दारात उभी. बांगड्यांच्या दुकानातल्या चाचांचा वाढदिवस तिने त्यांच्या थोरल्या बहिणीला गाठून काढला. ईदचा चाँद दिसला आणि त्यांच्या आईला कळा सुरू झाल्या होत्या. "मेरे कू लगा था, मैं ऐसाच आया," चाचा म्हणाले, आणि केक कापून झाल्यावरही सुरी हातात धरून तसेच उभे राहिले.

अशा बाईचा स्वतःचा वाढदिवस कधी, हे मी गेल्या वर्षी दिवाळीत तिला विचारलं. खुंटा फिरवता फिरवता ती म्हणाली, "माजा? एक जून."

मी थक्क झालो. एक जून, आणि मामीच्या तोंडून! मामा मुकाट्याने उठून ओट्यावर गेला. मीही मागोमाग गेलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, "तिला ठाव हाय दिवस. तिसगावला तिच्या माहेरी ज्या दिशी ती जन्मली, त्याच दिशी तिची आई गेली. बाळंतपनातच. पौषातला त्यो दिवस त्या घरात श्राद्धाचाच. आता तिकडं कुनी उरलं न्हाई, तर हितं गच्चीवर तीच घास ठिवती. अन् कावळा काय लवकर शिवत न्हाई. आईला काय आवडायचं ह्ये सांगायलाच मानूस न्हाई. वाढायचं तरी काय?"

मला फार वाईट वाटलं. सगळ्या गावाला जन्मदिवस शोधून देणाऱ्या या बाईला स्वतःचा असून नव्हता.

"पौषात केक मी आणतो," मी म्हणालो. मामा दचकला. मग आभाळाकडे बघत म्हणाला, "अंडं तेवढं घालू नगंस."

नगरला घरी तो केक मी स्वतः केला. राहुरीपर्यंत तो केकच होता; बेलापुरात पोचेतो त्याची दरड झाली होती. डबा उघडताच मामीचा चेहरा पांढरा पडला. आयुष्यभर दुसऱ्यांना धक्के देणाऱ्या मामीला धक्का बसलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

"आज?" ती म्हणाली. "आईच्या दिशी? केक?"

वरण-भात, वडे, खीर वाढलेलं पान घेऊन गच्चीवर गेली. आम्ही दोघे अपराध्यासारखे मागे. कावळे टाकीवर बसून होते, पण खाली एकही येईना. ऊन चढलं, भात सुकला. मामीने पुन्हा हात जोडले. "आनखी काय पायजे, सांग की गं," ती म्हणाली.

तेव्हा मामा खाली गेला. बायकोला विचारल्याशिवाय पाणीही न पिणारा हा माणूस केकचा तुकडा घेऊन वर आला आणि त्याने तो पानात ठेवला. "अवो!" मामी ओरडली. तेवढ्यात एक कावळा उतरला, वडा ओलांडून गेला, केकचा लचका चोचीत धरला आणि टाकीमागे नाहीसा झाला.

मामी तिथेच उन्हात बसली, पानात उरलेल्या केकचा घास तोंडात टाकला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना म्हणाली, "मधला थर कच्चा ऱ्हायलाय रं."

आता पुन्हा पौष जवळ आलाय. यंदा केक जात्यावर होणार आहे, आणि म्हणून मामीने माझी उलटतपासणी सुरू केली आहे. दर दोन दिवसांनी तिचा फोन येतो. "तू टाकीकडच्या अंगाला उभा हुतास. नीट आठव. त्यानं आदी मलई खाल्ली का खालचा केक? आईला काय आवडलं, त्ये मला कळाया नगं का?"

टाकीमागे काय झालं ते मला दिसलं नव्हतं. पण मी दर वेळी मलई सांगतो.