न्यायाधीश नेमणारे आमचे हे

आमच्या ह्यांचा कुणावरच विश्वास नाही, हे मला लग्नाआधीच कळलं होतं. पुण्यात कांदेपोह्यांच्या वेळी माझे वडील कौतुकाने म्हणाले, "आमची रेखा बी.कॉम. फर्स्ट क्लास आहे." मुलाने बशी खाली ठेवली आणि विचारलं, "सर्टिफिकेट ओरिजिनल आहे ना?" बाबा बिचारे आत जाऊन घेऊन आले. ह्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण मला हसू फुटलं, आणि ज्याचं हसू येतं त्याला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

पुरुषोत्तम हे ह्यांचं नाव. एका बँकेच्या ऑडिट खात्यात ह्यांनी उभा जन्म काढला, सुरुवातीला बर्मिंगहॅमला. दुसऱ्याने केलं म्हणून सांगितलेलं काम त्याने खरंच केलंय का, ते तपासायचं. असा स्वभाव आणि वर अशी नोकरी! पुढे बदली होऊन आम्ही लंडनजवळ ब्रॅकनेलला राहायला आलो तरी माणूस तोच. कुलूप लावून गाडीत बसायचं, पुन्हा उतरून दार ढकलून पाहायचं. शेजारचा गोरा गुड मॉर्निंग म्हणाला की घरात येऊन मला विचारायचं, "याला काय हवंय?"

रिटायर झाल्यावर आता मी मेले, असंच मला वाटलं होतं. पण ह्यांना एक उद्योग सापडला. इथल्या सरकारी संस्था आपल्या बैठकांचे वृत्तांत वेबसाइटवर टाकतात. ते आवडीने वाचणारा माणूस या देशात एकच असावा, आणि तो माझ्या डायनिंग टेबलाशी बसायचा. एक दिवस त्यात जाहिरात दिसली. न्यायाधीश निवडणाऱ्या संस्थेच्या मंडळावर काही साधी माणसं हवी होती, म्हणजे वकील नसलेली, न्यायाधीश नसलेली.

"सगळं आधीच ठरलेलं असतं," हे म्हणाले. "जाहिरात नुसती दाखवायला."

"मग अर्ज करा आणि सिद्ध करा," मी वैतागून म्हटलं. कांद्याची फोडणी करपत होती आणि ह्यांचं प्रवचन संपत नव्हतं.

खरोखर सिद्ध करायलाच अर्ज केला. मुलाखत झाली आणि निवड झाली. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. आमचे हे आठवडाभर तोंड पाडून फिरले. "मला का घेतलं असेल? काहीतरी आहे यात."

पुढची काही वर्षं दर महिन्याला कोट घालून हे लंडनला, वॉटर्लू स्टेशनला जाणारी गाडी पकडायचे आणि संध्याकाळी मी त्यांच्याकडून सगळं काढून घ्यायची. गुप्त काही सांगायचे नाहीत, पण कारभार कसा चालतो ते सांगायचे. मंडळाची अध्यक्ष व्यक्ती न्यायाधीश किंवा वकील असून चालत नाही. बाकीच्यांत काही न्यायाधीश, काही वकील, काही आमच्या ह्यांच्यासारखे. मुलाखती वेगळे पॅनेल घेतात, त्यांचे अहवाल मंडळाच्या सभासदांपुढे येतात आणि एका जागेसाठी एकच नाव वर जातं. मंत्र्याला ते नको असेल तर कारण लिहून द्यावं लागतं, आपल्या भाच्याचं नाव त्याला घुसवता येत नाही. ह्यांना हिशेब आणि धोके तपासणाऱ्या समितीवर घातलं होतं. मगर पाण्यात सोडली म्हणायची.

तरी संशय होताच. एक वयस्कर न्यायमूर्ती ह्यांच्यासाठी दार धरून उभे राहायचे, तर हे मला म्हणायचे, "एवढे नम्र का वागतात?" एकदा मात्र घरी आले, बूट काढता काढता थांबले आणि म्हणाले, "रेखा, तिथे खरंच नियमाने चालतं गं." आवाज असा, की जणू कुणी फसवलंय.

आता अरुणाबद्दल सांगते. ती आमच्याच गल्लीत, समोरच्या घरात राहते. नवरा लवकर गेला. हॉस्पिटलातल्या शिफ्ट करून तिने मुलीला, चैत्रालीला, एकटीने वाढवलं. पोर शाळेतून आमच्याकडेच यायची. आम्हाला मूल नाही. हे तिला कॅरम शिकवायचे आणि ती म्हणाली की आज शाळेत मॅडमने मला शाबासकी दिली, तर विचारायचे, "पुरावा काय?" मग ती तावातावाने साक्षीदार, तारीख, वार सगळं सांगायची. ती वकील झाली यात आश्चर्य ते काय. जवळच्याच रीडिंग शहरात एका फर्ममध्ये लागली, चांगलं नाव कमावलं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी अरुणाने आमच्या फाटकाशी येऊन मला सांगितलं, "चैत्रालीने ट्रायब्युनलच्या जज्जसाठी अप्लाय केलंय गं. भाऊजींना सांग हं."

मी सांगितलं. ह्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि तडक वर जाऊन लंडनला कळवलं की या उमेदवाराला मी लहानपणापासून ओळखतो. नियमच तसा आहे. ओळख असेल तर सांगायचं. मग तिचे कागद तुमच्याकडे येत नाहीत, तिचा विषय निघाला की तुम्ही खोलीबाहेर. इथपर्यंत ठीक होतं. पण नियम जिथे संपतो तिथून आमच्या ह्यांचा सुरू होतो.

धनत्रयोदशीला अरुणाचा फराळाचा डबा आला. दर वर्षी येतो, माझा तिच्याकडे जातो. तिच्या अनारशांना जाळी अशी पडते की मी वर्षभर वाट पाहते. मी झाकण उघडणार, तेवढ्यात ह्यांनी डबा उचलला, रस्ता ओलांडला आणि तिच्या दारात तिच्या हातात परत दिला. "वहिनी, चैत्रालीचं काम होईपर्यंत नको," एवढंच बोलले आणि आले.

मी त्या दिवशी ह्यांच्याशी बोलले नाही. दिवाळीचा फराळ कुणी परत करतं? वैऱ्याकडचासुद्धा आपण ठेवून घेतो, फार तर खात नाही. एकट्या बाईने शिफ्ट करून आल्यावर तळलेल्या चकल्या! मला इतकी लाज वाटली की मी अरुणाकडे चार दिवस गेलेच नाही. ती रडत असेल असं मला वाटत होतं.

ती रडत नव्हती. ती आनंदात होती. तिने त्याचा अर्थ भलताच लावला होता. भाऊजींनी डबा परत केला, तोही भर दिवसा, सगळ्या गल्लीसमोर. याचा अर्थ भाऊजी आतून काम करतायत आणि बाहेरून नातं लपवतायत! "झाकली मूठ आहे ती," ती आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना सांगत फिरली. हे मला नंतर कळलं.

निवडीचा दिवस आला. चैत्रालीचं नाव निघालं तसे हे उठून बाहेर गेले. कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या मशीनपाशी उभे राहिले. तिथेही डोक्यात किडा वळवळत होताच. "मी बाहेर आलो म्हणून ते तिला जास्त कडक लावत असतील का?" घरी आल्यावर मला म्हणाले. "की माझ्याकडे पाहून सैल सोडत असतील? दार बंद होतं गं, काहीच ऐकू आलं नाही." ज्याने आयुष्यभर बंद दारांवर संशय घेतला, त्याला स्वतःहून दाराबाहेर उभं राहावं लागलं होतं. मला त्यांची कीव आली, खरं सांगते.

चैत्रालीची निवड झाली. पत्र आलं, अरुणा रस्त्यातच नाचली. पुढच्या रविवारी मराठी मंडळाची संक्रांत होती, कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये. आम्ही आत शिरलो आणि लोक उठून उभे राहिले. पण चैत्रालीसाठी नाही.

"पुरुषोत्तमराव, अभिनंदन! काम केलंत हं पोरीचं!" परीक्षित म्हणाला. हा इथल्याच एका आयटी कंपनीतला, मराठी मंडळाचा सेक्रेटरी.

"मी काही केलं नाही. मी खोलीबाहेर होतो," हे म्हणाले.

"समजलं, समजलं!" परीक्षितने डोळा मारला. "तळं राखील तो पाणी चाखील."

हे नियम समजावून सांगायला लागले. जितकं समजावत, तितके लोक माना डोलवत आणि हसत. वैजयंती नावाच्या बाईने तर आपल्या सुनेचा बायोडेटा फोनवर दाखवायला काढला. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि चैत्राली हातात तिळगुळाची वाटी घेऊन एका बाजूला उभी होती. तिच्याकडे कुणी आलंही नाही. कष्ट तिचे, अभ्यास तिचा, आणि हार ह्यांच्या गळ्यात. मला त्या हॉलभर माणसांचा असा संताप आला की वाटलं, तिळगुळ फेकून मारावेत.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती आमच्याकडे आली. कोटही काढला नाही. इथेच वाढलेली पोर, चिडली की तिचं मराठी अडखळतं.

"काका, मी त्यांना 'नाही' सांगणार आहे. आय वोन्ट टेक इट."

"वेडी आहेस का?" मी म्हणाले.

"मावशी, माझा आईच सगळ्यांना सांगते की काकांनी केला. माझी स्वतःची आई! मी इतकी प्रिपेअर केली, रोल-प्लेची टेस्ट केली, वीकेंड्स नाही घेतले. आता मी तिथे बसणार आणि रोज वाटणार, हे माझं आहे की नाही?" मग ती ह्यांच्याकडे वळली. "तुम्ही कोणाला काही बोलला का? एक शब्द?"

"नाही."

"आत काय झालं?"

"मला माहीत नाही. मी बाहेर होतो."

"काका, समजा हे दुसऱ्या कोणाचं असतं. दुसरा काका, दुसरी मुलगी. त्याने म्हटलं असतं की मी बाहेर होतो. तुम्ही बिलीव्ह केलं असतं?"

खोटं बोलायची ही वेळ होती. मी मनात म्हणत होते, हो म्हणा हो, एकदा तरी हो म्हणा.

"नाही," हे म्हणाले. "नसतं केलं." मग खुर्चीत मागे टेकले. "म्हणून मी जज्ज व्हायच्या लायकीचा नाही. समोरचा माणूस तोंड उघडायच्या आधीच मी त्याला खोटा ठरवतो. तू मात्र मला आधी विचारलंस. जागा तुझीच आहे. घे."

ती रडली. लहानपणी कॅरममध्ये हरल्यावर रडायची, तशीच नाक ओढत. पण हो म्हणाली नाही. उठून गेली.

ती गेल्यावर हे वर गेले. ह्यांची मुदत त्या उन्हाळ्यात संपत होती. पुन्हा नेमणूक मिळू शकत होती, अध्यक्षबाईंनी तसं सुचवलंही होतं, आणि ह्यांना ती हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा एका जागी ह्यांना विश्वास ठेवावासा वाटला होता. ह्यांनी कळवलं की मला पुढची मुदत नको. मग चैत्रालीला फोन केला. "मी राहत नाही तिथे. उद्या तुझं प्रमोशन आलं तर मी त्या इमारतीतसुद्धा नसेन. पुढचं जे होईल ते तुझं तुझं. आता तरी हो म्हण."

तिने होकार कळवला.

एप्रिलमध्ये तिची शपथ झाली. अरुणा नऊवारी नेसून आली होती. हेही आले, मागच्या रांगेत बसले. चैत्रालीचा आवाज आधी कापला, मग ठणठणीत झाला. ह्यांनी चष्मा काढून पुसला.

ह्यांनी लंडनचं ते निवड मंडळ सोडल्याची बातमी उन्हाळ्यात सगळीकडे झाली. मी भाजी घ्यायला गेले होते. वैजयंतीबाई दुकानात कोथिंबीर निवडत होती. मला पाहून गोड हसली. "पोरीचं काम झालं, मग सोडलं वाटतं भाऊजींनी? हुशार माणूस हो!"

मी भाजी घेऊन तडक घरी आले. पिशवी ओट्यावर आपटली आणि ह्यांना सगळं सांगितलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ज्या एका जागी मन रमलं होतं ती सोडली, आणि सोडली हाच लोकांनी पुरावा धरला!

ह्यांनी पिशवीतून कोथिंबीर काढली, हुंगून पाहिली, खाली ठेवली.

"एवढंच म्हणाली?" हे म्हणाले. "मी असतो तर याहून वाईट बोललो असतो."