वाळवंटात ऐकलेली वेळ अमावस्येची हाक

आधी खेतारामजींचं नाव लिहितो, मग बाकीचं. जैसलमेरच्या बाजूला वाळवंटात सरकारी अभयारण्य आहे, तिथं माळढोक पक्ष्यांसाठी तारेचं कुंपण घातलंय. त्या कुंपणावर ते राखणदार आहेत. ते नसते तर आमच्या पाहुण्या लिमये बाई आज नसत्या, आणि माझं काय झालं असतं ते मला सांगता येत नाही...

मी रेणापूर तालुक्यातला. नववीत शाळा सोडली, त्यामुळं लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. भूत, चकवा, अंगात येणं — ह्यातलं मी कधीच काही मानलं नाही. गावात कुणी चकवा लागला म्हणलं की मी विचारायचो, किती घेतली होती? म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले. लोक मलाही तेच विचारतील.

लातूरला मी डाळमिलमध्ये होतो. तिथून एका यात्रा कंपनीत आचाऱ्याच्या हाताखाली लागलो. राजस्थानच्या ट्रिपमध्ये तिथल्या एका तंबूवाल्या मालकानं माझ्या हातची पिठलं-भाकरी खाल्ली आणि मला ठेवूनच घेतलं. हिवाळ्यात त्याच्याकडं मराठी पाहुणे लई येतात. त्यांचा स्वयंपाक करायचा आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या सोबत जायचं, हे माझं काम.

वाळवंट म्हणजे नुसती वाळू, असं मला वाटायचं. तसं नाही. वाळूच्या टेकड्या वेगळ्या, तिथं पाहुणे उंटावर बसतात, फोटो काढतात. पण पायी फिरायची वाट जाते ती माळातून — पिवळं गवत, दगड, बोरीची झुडपं, मधीच एखादी शमी. तिकडं तिला खेजडी म्हणतात. सकाळी चिंकारा हरणं तंबूपासून हाकेवर चरतात आणि कुणी त्यांना हुसकत नाही. पाणी डोक्यावरून आणणारी माणसं, पण पाखरांसाठी भांडं भरून ठेवल्याशिवाय स्वतः पीत नाहीत. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या गावाची लाज वाटली होती, खोटं कशाला सांगू.

तो दिवस वेळ अमावस्येचा होता. पुण्या-मुंबईच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या लातूरकडं घरात कुणी थांबत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील... ओळख असो-नसो, जो येईल त्याला जेवू घालायचं. आणि जेवायच्या आधी घरधन्यानं रानभर आंबील शिंपत ओरडायचं, "ओलगे ओलगे, सालम पलगे." अर्थ मला विचारू नका, आण्णांनाही माहीत नाही. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचा आवाज असा की चार रानं पलीकडचे लोक म्हणतात, लागला बाबा भोंगा.

त्या सकाळी माझं मन तिकडंच होतं. लिमये बाई पुण्याच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. बाकीचे पाहुणे रजईत आणि ह्यांना माळढोक बघायचा होता.

"मावशी, सावकाश चला."

"मावशी काय? बाई म्हण. आणि जरा बाजूनं चाल, मला माळढोक बघायचाय, तुझी पाठ नाही."

थोडं चालल्यावर म्हणाल्या, "शिकलास किती?"

"नववी."

"नापास?"

"न्हाई, पास होतो. सोडली."

"म्हणजे जास्तच शहाणा."

माळढोक काही दिसला नाही आणि धुकं आलं. तिकडं थंडीत कधी कधी येतं, पण ऊन चढलं की विरतं. त्या दिवशी ऊन चढलंच नाही. सूर्य कुठल्या बाजूला आहे हेच कळेना. वाट सुटली तेव्हा मी आमच्याकडचं डोकं चालवलं — जनावरांची पायवाट धरली की गाव येतंच. मेंढरांची वाट सापडली, ती धरून आम्ही चालत राहिलो. पण तिथली मेंढरं सांजच्याला घरी येत नाहीत हो. चाऱ्याच्या मागं महिना-महिना बाहेर फिरतात. मी बाईंना गावापासून लांब लांब नेत होतो.

बाई आधी बोलत होत्या, मग गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "वर्गात एवढा धूर कुणी केला?" मला वाटलं गंमत करतात. बघतो तर त्या थंडीत त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. खाली बसल्या. हात थरथरत होते.

"शुगर..." एवढंच म्हणाल्या.

सकाळी इन्सुलिन घेऊन त्या नाष्ट्याच्या आधीच निघाल्या होत्या, लवकर परत येऊ म्हणून. गोळ्या-बिस्किटांची पर्स तंबूत. माझ्या खिशात तंबाखूसुद्धा नाही. फोनला रेंज नाही. मी चारी दिशांना ओरडलो, "कुणी हाय का... हाय का कुणी..." हिंदी सुचलीच नाही मला. आवाज जणू धुकं पिऊन टाकत होतं. बाईंची मान एका बाजूला कलली. डाळमिलमध्ये एक हमाल असाच बसल्या जागी गेला होता, तो डोळ्यासमोर आला.

आणि तेव्हा मला ऐकू आलं.

"ओलगे ओलगे... सालम पलगे..."

लांबून, पण स्वच्छ. शेवटचं अक्षर ओढायची आण्णांची जी रीत आहे, तीच. पण विचार करायला वेळ नव्हता. बाईंना पाठीवर घेतलं आणि आवाजाच्या रोखानं निघालो. थांबलो की पुन्हा यायचा. जवळ जवळ येत गेला. शेवटी तर वाटलं, आता ह्या शमीच्या मागं आण्णा उभेच आहेत, डोक्याला टॉवेल, हातात आंबिलीचा तांब्या.

शमीच्या पलीकडून खेतारामजी आले. समोरून, घाईनं, मागं त्यांची सांडणी, म्हणजे उंटीण.

त्यांनी काही विचारलं नाही. मी "शुगर, शुगर" म्हणालो तसं त्यांनी खिशातून गुळाचा खडा काढला. सांडणीसाठी ठेवलेला. बोटावर चुरून, पाण्याचा थेंब लावून बाईंच्या हिरड्यांना चोळत राहिले. अंगावरची घोंगडी काढून त्यांना गुंडाळली आणि स्वतः नुसत्या सदऱ्यावर बसले. एखाद्या लेकराशी बोलावं तसं बोलत होते, "उठ म्हारी बहन, उठ..."

बऱ्याच वेळानं बाईंनी डोळे उघडले. तोंड चघळलं.

"गूळ मातकट आहे," म्हणाल्या.

मी रडलो. सांगायला लाज कसली.

बाई नीट बसत्या झाल्यावर खेतारामजींनी मला विचारलं, "भाई, वो क्या गा रहे थे तुम?"

म्हणलं, "मी? मी तर तुमच्या आवाजावर आलो."

ते म्हणाले, "मैं तो झोंपड़े में चाय बना रहा था. कोई पुकारता ही जा रहा था. मैं उसी के पीछे आया."

ते तिकडून त्या आवाजाकडं निघाले, मी इकडून. दोघं चालत आलो आणि मधी दुसरं कुणीच नव्हतं.

"मलाही ऐकू येत होतं," बाई म्हणाल्या. "ओलगे का कायसं. कानडी आहे का रे?"

खेतारामजींनी त्यांना सांडणीवर बसवून तंबूपर्यंत आणलं. मालक माझ्यावर भडकला तेव्हा हेच पुढं झाले, "पीठ पर लाद के लाया है इसे. डाँटो मत." चहासुद्धा न घेता कुंपणाकडं परत गेले.

तंबूत रेंज येते. दुपारी घरी फोन केला, मायनं उचलला. मी काही सांगायच्या आत तीच सुरू झाली.

"तुझ्या आण्णाला काय झालंय बाबा कुणास ठाऊक. एकदा शिंपून झालं, पंगत बसली, तर ताटावरून उठले. म्हणे धुऱ्यावरून, बांधावरून कुणी हाक मारायलंय, हाय का कुणी म्हणून. पाहुणा आसंल, वाट चुकला आसंल म्हणले. बघाय गेले तर कुणीच न्हाई. मग पुन्हा ओरडत फिरले सगळ्या रानात, आलेल्याला वाट कळावी म्हणून. सारी आंबील शिंपून आले. पोरं बसली कोरडी भज्जी खात."

"हाव," एवढंच म्हणालो मी. अजून त्यांना सांगितलेलं नाही.

नंतर मी आसपासच्या सगळ्या तंबूंवर विचारून आलो, कुणी लातूरकडचं उतरलं होतं का. कुणी नव्हतं. बाईंनी पुण्याहून फोन करून सांगितलं की धुक्यात आवाज लांब जातो. मी म्हणलं, रेणापूरहून? त्या हसल्या. तुमच्यापैकी कुणाला कळत असेल तर खरंच सांगा. मला नाही कळलं, आणि हल्ली चकव्याच्या गोष्टीवर मी हसत नाही.

खेतारामजींनी जोधपूरच्या पुढं काही बघितलेलं नाही. काळी जमीन कशी असते, पायाला चिकटते का, असं मला विचारत असतात. त्यांचे उपकार फेडायला माझ्याकडं दुसरं काही नाही. पण एका वेळ अमावस्येला त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना मी आमच्या रानात आणणार आहे. कोपीसमोर पहिलं ताट त्यांचं, शेजारी आण्णांचं. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मधी मी बसंन.