उदबत्ती विझेपर्यंत

गिरीश सबनीस सलग दहा मिनिटं एका जागी बसलेले त्यांच्या बायकोनं, उत्तराबाईंनी, शेवटचे पाहिले ते स्वतःच्या लग्नात. आणि तेही भटजींनी दोनदा दटावलं म्हणून. टेक्सासात एकतीस वर्षं त्यांनी रस्ते आणि पूल आखले, तोवर त्यांच्या पायाची भिंगरी कंपनीच्या कामी आली. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि ती अर्विंगच्या घरात मोकाट सुटली. गराजमधले स्क्रू आकाराप्रमाणे लावून झाले. शेजाऱ्याचं कुंपण त्याला न विचारता सरळ करून झालं. पुण्या-नागपूरहून शिकायला येणाऱ्या पोरांसाठी ‘अमेरिकेत पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी’ अशी सोळा पानांची यादी करून झाली. पोरं ती नम्रपणे घ्यायची आणि फोनवर बघून करायचं ते करायची.

अशा माणसाला व्हिएतनामला जायचा योग आला. एकुलत्या एक मुलाचं, अमेयचं, थाओशी जमलं होतं. थाओ टेक्सासातच जन्मलेली, फार्मसिस्ट. वडील नाहीत. आई होआबाई, साठीच्या, गारलंडमध्ये कपडे अल्टर करायचं दुकान चालवायच्या. लग्न ठरवायच्या आधी दोन्ही घरांनी मिळून आपल्या माहेरी, ‘मी थो’ या गावी यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. बारा नोव्हेंबरला तिथं सगळं गोत जमणार होतं.

सबनीसांनी त्याच संध्याकाळी ‘व्हिएतनामला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी’ ही नवी यादी उघडली. व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण नाव पासपोर्टावर आहे तस्संच, मधल्या नावासकट टाका. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळी, तेव्हा टॅक्सीवाल्याला देताना शून्यं बघा. नळाचं पाणी पिऊ नका. चपला दाराबाहेर. काही देताना-घेताना दोन्ही हात पुढे करा. मुलांच्या डोक्यावर आशीर्वादाचा हात ठेवू नका, तिथं ते आवडत नाही. भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचू नका, कारण तशी उदबत्ती गेलेल्या माणसापुढे लावतात. धाकट्यांनी आधी थोरांना ‘जेवा’ म्हणायचं आणि मगच घास घ्यायचा. समोरच्याला नुसतं ‘तुम्ही’ म्हणून भागत नाही, वयाच्या अंदाजानं काका, मावशी, ताई असं नातंच लावावं लागतं, हे वाचून तर सबनीसांना घरी गेल्यासारखं वाटलं.

त्यांना छळलं ते रस्ता ओलांडण्यानं. तिथं स्कूटरींचा लोंढा थांबत नाही म्हणे. आपण उतरायचं आणि एका चालीनं चालत राहायचं. पळायचं नाही, थबकायचं नाही, मागे तर मुळीच यायचं नाही. आपली चाल बघून स्कूटरवाले बाजूनं जातात. जन्मभर झेब्रा क्रॉसिंग आखलेल्या माणसाच्या हे पचनी पडेना. मग एका शनिवारी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये त्यांनी सराव केला. चार पावलं गेले, थबकले, मागे आले, पुन्हा गेले. गाडीवाल्यांनी हॉर्न वाजवले. उत्तराबाई भेंडीची पिशवी धरून दुकानाच्या दारात उभ्या होत्या आणि हा गृहस्थ आपला कोणी नव्हे असा चेहरा करून होत्या.

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. माशी शिंकली ती एका जेवणात. अमेय सहज म्हणाला, “बाबा, ते नुसतं रीयुनियन नाहीये. थाओच्या आजोबांची डेथ अ‍ॅनिव्हर्सरी आहे. त्यांना आवडायचं ते सगळं कुक करतात आणि मग एकत्र जेवतात.” दिवससुद्धा त्यांच्याकडे चंद्रावरूनच धरतात, असंही त्यानं सांगितलं.

“म्हणजे श्राद्धच की,” उत्तराबाई म्हणाल्या.

टेबलाखाली सबनीसांचा पाय हलायला लागला तो पानं उचलेपर्यंत थांबला नाही. पुढचे दोन दिवस ते घरभर फिरत होते. तिसऱ्या दिवशी कोणाला न विचारता त्यांनी तिघांची तिकिटं बदलली आणि पंधरा तारखेला पोचायचं ठरवून नवा बेत सगळ्यांना धाडून दिला, होआबाईंनासुद्धा. खाली दोन ओळी लिहिल्या : आमच्यात श्राद्धाच्या दिवशी शुभकार्याचं बोलत नाहीत, तुमचा घरचा विधी निवांत होऊ द्या, आम्ही तीन दिवसांनी येतो. आपण किती तारतम्यानं वागलो असं त्यांना मनापासून वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गारलंडहून चार दिवस एक शब्द आला नाही. रविवारी थाओ एकटीच आली. तिनं चपला दाराशी काढल्या, चहाचा कप दोन्ही हातांनी घेतला आणि तो न पिता तसाच धरून ठेवला.

“काका, आई रागावलेली नाही,” ती इंग्रजीत म्हणाली, ‘काका’ एवढं मात्र मराठीत. “तिनं मला एकच विचारलं. त्यांना आपल्याबरोबर जेवायचं नाही का?”

मग तिनं सावकाश समजावलं. तो दिवस रडायचा नसतो. त्या दिवशी आजोबा जेवायला घरी येतात, आणि घरात कोण नवं येणार आहे ते त्यांच्या कानावर घालायचं असतं. एरवी कोणालाही जेवायला घालता येतं. त्या दिवसाला बोलावतात ते आपल्या माणसांना. पंधराला आलात तर पाहुणे म्हणून याल, आणि आईच्या मनात ते तसंच राहील, असं ती म्हणाली आणि उठली.

अमेय तिला सोडायला गेला. जाताना दारातून त्यानं एवढंच म्हटलं, की यार बाबा, मला विचारायचं तरी. लहानपणी सायकल मोडली तेव्हाही त्याचा आवाज इतका पडला नव्हता.

उत्तराबाईंनी कप उचलले. “हे घर आपण अमावास्येला घेतलं. तुम्ही कधीपासून शुभ-अशुभ बघायला लागलात?” सबनीस खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या पाठीकडे बघत त्या म्हणाल्या, “त्या आजोबांचं तुम्हाला काही नाही. तुम्हाला अण्णांचं आहे.”

होतं खरं तसंच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी सांगलीला त्यांचे वडील, अण्णा, गेले तेव्हा सबनीसांच्या ग्रीन कार्डाचे कागद अडकले होते. आता देशाबाहेर पडलात तर अर्ज बाद होईल, असं वकील म्हणाला. सबनीस पडले नाहीत. धाकट्या भावानं, प्रसादनं, सगळं केलं आणि पुढे दरवर्षी तोच करत राहिला. तिथीच्या दिवशी तो पानाचा आणि हार घातलेल्या फोटोचा फोटो पाठवायचा. सबनीस उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र पाठवायचे, गाडी काढायचे आणि ओक्लाहोमाच्या सीमेपर्यंत जाऊन परत यायचे. तिकडे त्यांचं काही काम नसे. आपल्या बापाच्या एकाही श्राद्धाला जो बसला नाही, त्यानं परक्याच्या बापाच्या पानाशी कोणत्या तोंडानं बसायचं, हा त्यांचा खरा घोळ होता. तो त्यांनी परंपरेच्या नावावर खपवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विमान कंपनीला फोन लावला. बारा तारखेच्या आधी पोचणाऱ्या जागा होत्या, पण तीन वेगवेगळ्या रांगांत, अगदी मागे, आणि वाटेत दोन थांबे. त्यांनी त्या धरून ठेवायला सांगितल्या आणि गाडी काढली. या खेपेला गाडी गारलंडला गेली.

वाटेत व्हिएतनामी बाजारातून त्यांनी पेरूंची पेटी घेतली. दुकानात होआबाई मशीनवर कोणाच्या तरी पँटची शिलाई उसवत होत्या. त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर एका म्हाताऱ्याचा फोटो, पुढे संत्री आणि वाळूच्या वाटीत जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या काड्या. सबनीसांनी पेटी दोन्ही हातांनी पुढे केली. माफीचे मुद्दे त्यांनी कागदावर क्रमानं लिहून आणले होते. कागद खिशातच राहिला. त्यांनी सरळ सांगितलं, की शुभ-अशुभाचं मी लिहिलं ते खोटं. माझ्या वडिलांच्या वेळी मी गेलो नाही, आणि मला लाज वाटते.

होआबाईंनी मशीन बंद केलं. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, पण त्यात पाल्हाळ नव्हतं.

“मीही गेले नाही,” त्या म्हणाल्या. “युद्धानंतर बोटीतून देशाबाहेर पळालेली मुलगी मी. बाबा गेले तेव्हा मी इथं होते. सात वर्षं परत जाता आलं नाही. इथंच, मशीनशेजारी, भाताची वाटी ठेवायचे. बाबा यायचे. तुम्ही बोलावलंत कधी?”

मग तुमच्या वडिलांना काय आवडायचं, असं होआबाईंनी विचारलं. सबनीस म्हणाले, पेरू, तिखट-मीठ लावून. आणि मग आपण पेटीत काय आणलंय ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

होआबाईंनी खणातून मिरची-मिठाची बाटली काढली; त्यांच्याकडेही पेरू तसाच खातात. फोटो मागितला. सबनीसांकडे प्रसादनं पाठवलेलाच होता, फोनमध्ये. वर फळीवर आमची माणसं, तुमचे इथं, असं म्हणून त्यांनी कापड बेतायच्या टेबलावरच्या कात्र्या बाजूला केल्या आणि पेटीला टेकवून फोन उभा केला. पुढे पेरूच्या फोडींची बशी ठेवली, उदबत्ती लावून सबनीसांच्या हातात दिली आणि बोला म्हणाल्या.

काय बोलायचं ते सबनीसांना सुचेना. मग यादीतलं तिसरं पान आठवलं.

“अण्णा,” ते म्हणाले, “जेवा.”

एवढं म्हटल्यावर बाकीचं आपोआप आलं. अमेयचं सांगितलं, थाओचं सांगितलं, बारा तारखेला ‘मी थो’ला जातोय, तुम्हीही चला, असं सांगितलं. उदबत्ती विझेपर्यंत बशी हलवायची नाही, असं होआबाईंनी बजावलं आणि त्या आपल्या शिलाईकडे वळल्या. सबनीस स्टुलावर बसून राहिले. अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं फोनचा पडदा काळा व्हायचा, की ते बोट लावून अण्णांना पुन्हा उजेडात आणायचे. मध्येच अण्णांच्या चेहऱ्यावर उत्तराबाईंचं नाव चमकून गेलं. त्यांनी फोन घेतला नाही. शेवटची राख पडल्यावर होआबाई स्टूल ओढून समोर आल्या आणि दोघांनी मिळून बशी संपवली.

घरी पोचले तेव्हा उत्तराबाई दारातच होत्या. एवढा वेळ कुठं भटकत होतात, फोन का उचलला नाही, असं त्यांनी विचारलं.

“बसलो होतो,” सबनीस म्हणाले.