पडद्याखालच्या ओळी

तळं मागे पडलं तरी युनिस काही बोलली नाही, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे शोभाच्या लक्षात आलं. एरवी तळ्याकाठच्या गीजना, त्या रानहंसांना, चार शिव्या हासडल्याशिवाय ती पुढे सरकायची नाही. "मेल्यांनो, अजून इथंच? तुम्हाला तर पंख आहेत, जा ना फ्लोरिडाला! आम्ही अडकलोय ते अडकलोय." आणि एखादा हंस मान लांब करून अंगावर आला की शोभालाच पुढे ढकलायची. आज गीज वाटेतच बसले होते आणि युनिस त्यांच्यामधून मुकाट निघून गेली.

नोव्हेंबर लागला होता. कॅनडातल्या वॉन गावच्या त्या ब्रेडच्या कारखान्यात दोघी सकाळी सहाला उभ्या राहायच्या, दोनला सुटायच्या. आठ तास पट्ट्यावरून येणारे पाव पिशवीत भरायचे. सुटल्यावर पाय नुसते ठणकायचे, तरी युनिसला चालायचं असायचं. डॉक्टरने शुगरसाठी सांगितलंय म्हणायची. सव्वा तासाचा रस्ता तिनेच ठरवलेला: शाळेवरून, तळ्यावरून, मग त्या वळणदार गल्लीतून घरी. शोभाचा जीव घरी जाऊन पडायला व्हायचा, पण एकटीला सोडणं बरं दिसत नाही म्हणून ती बरोबर जायची. बरोबर जाता जाता वर्ष झालं.

युनिस वसईकडची ख्रिस्ती. बापाची केळीची वाडी, घरात सात भावंडं, शाळा मराठी सातवीपर्यंत. कास्मिर शेजारच्या गावचा सुतार. त्याच्याशी लग्न केलं, डिम्पल झाली आणि पोरीच्या शिक्षणासाठी तिघं कॅनडात आली. कास्मिर इथल्या कारखान्यात किचनची कपाटं जोडायचा. त्याच कपाटांच्या उरलेल्या फळ्यांमधून त्याने शोभाला देव्हारा करून दिला होता. कळस कसा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. शोभाने वहीत काढून दाखवला, तर तो म्हणाला, "हे तर आमच्या देवळाच्या, चर्चच्या टोकासारखंच दिसतं. होईल." आणि झाला. पैसे घेतले नाहीत. "तुझ्या देवाने माझ्या बायकोला सांभाळावं," एवढंच म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी, पहिलंच बर्फ पडलं त्या दिवशी, बसमधून उतरून रस्ता ओलांडताना कास्मिरला गाडीने उडवलं. सिग्नल कास्मिरचा होता. ड्रायव्हरने ब्रेक मारला, पण गाडी घसरत आली. बर्फावर पकड न धरणारे उन्हाळ्याचे टायर होते, तेही गुळगुळीत झालेले. वर्षभराने कोर्टात दंड झाला आणि एक वर्षासाठी लायसन्स गेलं. बस्स. युनिस बाकावरून उठलीच नाही. तिला वाटलं, अजून पुढचं काही सांगायचं राहिलंय.

ह्या गल्लीत तिच्या बुटाची नाडी नेमकी एकाच घरासमोर सुटते, हे शोभाच्या लक्षात यायला किती महिने गेले! ऑगस्टमध्ये ती हसून म्हणाली, "अगं, तुला वेलक्रोचे बूट घेऊन देते मी." तर युनिस वाकलेलीच राहून म्हणाली, "इथंच राहतो तो गाडीवाला. कोर्टाच्या कागदावर पत्ता होता." ड्राइव्हवेमध्ये निळ्या ताडपत्रीखाली एक गाडी उभी होती. "लायसन्सचं वर्ष भरेपर्यंत उभी राहील. बाहेर निघाली की बघू."

"काय बघू?" शोभाने विचारलं.

"बघू," युनिस म्हणाली आणि नाडी बांधली.

त्या दिवसापासून शोभाला घोर लागला. ह्या बाईला झोप लागत नाही, पोरगी लांब कॅलगरीत, कारखान्यात फारसं कुणाशी बोलत नाही. हिच्या मनात आहे तरी काय?

आणि नेमक्या सप्टेंबरमध्ये युनिसने लायब्ररीतून ती कोरियन सीरियल आणली. कारखान्यातल्या एका कोरियन बाईने सांगितलेली. शाळेची बस चालवणारा एक साधा माणूस. त्याच्या बायकोला मारणारे कोर्टातून सुटतात. तेव्हापासून हा दिवसा पोरांना शाळेत सोडतो आणि कायद्यातून निसटलेल्या माणसांना एकेक करून शोधत फिरतो. बोलणं सगळं कोरियन, खाली इंग्रजी ओळी. युनिसच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला ती अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. मग रविवारी ती चर्चमधल्या मासवरून आली की दोघी शोभाच्या सोफ्यावर बसायच्या. शोभा रिमोट हातात धरून दर ओळीला थांबवायची, वाचायची, मराठीत सांगायची. एका भागाला अडीच तास लागायचे.

पहिलं खोटं तिसऱ्या भागात झालं. बसवाल्याने एका माणसाला गोदामात नेलं, दार बंद झालं, आणि पुढे सकाळची नदी दिसली. खाली लिहिलं होतं, प्रेत पाण्यात सापडलं.

"काय म्हणतात?" युनिसने विचारलं.

शोभाने एकदा तिच्याकडे पाहिलं. "गाव सोडून गेला म्हणतात."

"सामान न घेता?"

"घाईत होता."

पुढच्या माणसाला शोभाने आपल्या मराठीत पोलिसांत दिलं. त्याच्या पुढच्याला पश्चात्ताप होऊन तो मठात गेला. जन्मात कधी खोटं बोलल्याचं शोभाला आठवत नव्हतं, आणि आता दर रविवारी एक. युनिस गेली की ती देव्हाऱ्यासमोर एक वात जास्त लावायची आणि हात जोडून म्हणायची, महाराज, चांगल्यासाठीच करतेय. पण देव्हारा कास्मिरच्या हातचा. त्याच्यापुढे उभं राहून त्याच्याच बायकोला फसवल्याचं सांगताना वात नीट लागायची नाही.

आज गल्लीचं वळण आलं आणि दोघी थांबल्या. ताडपत्री घडी करून गराजच्या दाराशी ठेवली होती. गाडी धुतलेली, इंजिन चालू. पन्नाशीचा एक टकला माणूस कापडाने काच पुसत होता.

"युनिस, चल," शोभाने तिची बाही धरली. "चल बाई, घरी. चहा करते."

युनिसने बाही सोडवून घेतली आणि सरळ ड्राइव्हवेवर गेली. शोभा नामस्मरण करत दोन पावलं मागोमाग गेली. युनिसचा उजवा हात कोटाच्या खिशात होता.

माणसाने वर पाहिलं. काही हवंय का, असं सभ्यपणे विचारलं. त्याने तिला ओळखलं नाही. कोर्टात ती मागच्या बाकावर बसलेली, तो पुढे.

युनिसने गाडीच्या चाकांकडे बोट केलं. "विंटर टायर्स?"

"सॉरी?"

"यू पुट विंटर टायर्स?"

माणूस हसला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्याने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि त्याच्या हातातलं कापड खाली पडलं. "येस," तो म्हणाला. "ऑल फोर." आणखी काही बोलायला त्याचं तोंड उघडलं, पण युनिस वाकून एकेक चाक बघत होती. चारही बघून झाली, तेव्हा खिशातला हात बाहेर आला. त्यात नेहमीची रोझरीची जपमाळ होती. ती परत फिरली.

पुढची दोन वळणं दोघी पाय ओढत चालल्या. शोभाला रडू येत होतं आणि ते का, हे धड कळत नव्हतं.

"बाय, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन किती दिवस झाले?" युनिसने विचारलं.

"होतील तीन आठवडे. का गं?"

"तीन रविवार मी वाचतेय."

शोभा जागच्या जागी उभी राहिली.

"मठात गेला म्हणालीस तो. त्याला विहिरीत टाकलाय." युनिसच्या तोंडावर रागही नव्हता, हसूही नव्हतं. नुसतं दमलेपण. "आधीचे पण तसेच गेले असणार. एकजात सगळे पोलिसांत आणि मठात. मी म्हटलं, कोरियात माणसं किती चांगली!"

"मला भीती वाटली गं, तू..."

"ठाऊक आहे." ती पुन्हा चालायला लागली. शोभाचं घर दिसायला लागलं तेव्हा म्हणाली, "शेवटचा भाग राहिलाय ना? आज लाव, रविवार नसला तरी. माझं मी वाचलं असतं, पण एक ओळ जुळवेपर्यंत दुसरी येते, आणि इंग्रजीत मेलेला मला मेल्यासारखा वाटतच नाही. तूच सांग. फक्त एवढं कर माझ्यासाठी, शोभा. आहे तसं सांग. त्याने मारलं तर मारलं म्हण. आणि सगळ्यांना मारून झाल्यावर त्याला झोप लागली का, ते पण सांग."